उष्ण कटिबंधाची तालीम

जगाच्या दुःखाला हात घालायचा असेल, तर माणसाने आधी आपल्या अंतःकरणाची मशागत केली पाहिजे. हे वाक्य माझं नाही. ते आमच्या लेकीच्या कॉलेजने काढलेल्या पत्रकात सगळ्यात वर, जाड अक्षरांत होतं. त्याच्या लगेच खाली ‘गमबूट एक जोड, मच्छरदाणी एक, जुलाब थांबवण्याच्या गोळ्या पुरेशा’ असं होतं. अंतःकरणाच्या मशागतीचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. गमबुटांसाठी मात्र आम्ही सगळं शहर पालथं घातलं.

तर कॉलेजातली काही मुलंमुली सुट्टीत विषुववृत्ताजवळच्या एका देशात जाणार होती. तिथल्या एका खेड्यातल्या शाळेला कुंपणाची भिंत नव्हती, ती बांधून देणार होती. आमच्या लेकीने आयुष्यात भिंतीत साधा खिळा ठोकलेला नव्हता. पण हा मुद्दा मी काढला नाही, कारण तो निकष लावला असता तर गटात कुणीच उरलं नसतं, नेणाऱ्या सरांसकट.

लेकीला घरात आणि घराबाहेर सगळे पिटू म्हणतात. ती वेळेआधी जन्मली, आणि इतकी एवढीशी होती की घरातल्या सर्वांत लहान उशीवर तिला ठेवलं तरी बाजूला माझा चष्मा ठेवायला जागा उरायची. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे, नाव तेच राहिलंय. नावासोबत काळजीही तीच राहिली, आणि त्यात आमच्या घराचा दोष आहे. मी विमा कंपनीत आहे. काय काय होऊ शकतं याचा अंदाज बांधण्याचा मला पगार मिळतो. बायको दातांची डॉक्टर आहे. काय काय झालेलंच आहे हे ती लोकांना आ करायला लावून सांगते. अशा दोन माणसांच्या पोटी जन्म घेणं हीच मुळात जोखीम आहे, आणि तिच्यावर कुठलीच कंपनी विमा देत नाही.

त्यात शाळेत असताना पिटू दोनदा चक्कर येऊन पडली. एकदा मैदानावर कवायतीत, एकदा बक्षीस समारंभात, तेही स्वतःचं बक्षीस घ्यायला रांगेत उभी असताना. तेव्हापासून तिला पाहिलं की माणसं खुर्ची शोधू लागतात. नातेवाईक सोडा, कोपऱ्यावरचा किराणावाला इतरांना ‘काय देऊ?’ म्हणतो आणि हिला पाहून आतून स्टूल काढतो. बसमध्ये म्हाताऱ्या बायका उठून तिला जागा देतात. ती ओशाळून बसते, मग त्या बायका तिच्या डोक्यावर उभ्या राहून तिला जपतात.

म्हणून ती पत्रक घेऊन आली तेव्हा मी आधी हसलो. ती हसली नाही.

“बाबा, मला जायचंय.”

“अगं, पण तिथे ऊन किती! दमट हवा! डास! तू आपल्याकडच्या फेब्रुवारीत सुद्धा छत्री घेऊन—”

“छत्री आई देते. मी घेत नाही.”

“बरं. पण तिथेच कशाला? भिंत इथेही बांधता येईल. आपल्या सोसायटीची मागची भिंत पडायला आलीय.”

“इथे मला सगळे ओळखतात.”

“मग चांगलंच आहे की.”

“नाही, बाबा. इथे मी वीट उचलली की तुम्ही म्हणणार, बस. वॉचमन म्हणणार, बसा ताई. तिथे मला कुणी ओळखत नाही. एकदा तरी मला कुणी ‘बस’ म्हटलं नाही, असं झालं पाहिजे.”

धोक्यांची माझी सगळी वर्गवारी तोंडपाठ आहे. हा धोका कुठल्या रकान्यात घालायचा ते मला समजेना. मी म्हटलं, “बस, आईला सांगू,” आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच बसलो.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी काही बोलत नाही.” आमच्या घरात या वाक्याला निदान अर्धा तास लागतो. त्या दिवशी मात्र ती खरंच तेवढंच बोलली आणि औषधांची पिशवी भरायला बसली. दोन दिवसांत ती पिशवी कपड्यांच्या बॅगेपेक्षा मोठी झाली. मच्छरदाणी नीट बसते का पाहायला म्हणून मला तिच्यात घालून दिवाणखान्यात बसवण्यात आलं. तेवढ्यात शेजारचे पेपर मागायला आले. मी आतून दिला. त्यांनी काही विचारलं नाही. आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून कुणी काही विचारत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग सरांनी परीक्षा काढली.

हे सर संख्याशास्त्र शिकवतात. मुलं त्यांना ‘टक्के सर’ म्हणतात, कारण ते ‘हो’ म्हणत नाहीत, ‘नव्वद टक्के’ म्हणतात. माणूस मनाचा अत्यंत चांगला. मागच्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजची मुलं अशाच सहलीत उन्हाने आजारी पडली, हे त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणून त्यांनी त्या देशाच्या गेल्या तीस वर्षांच्या तापमानाची सरासरी काढली, दमटपणाची काढली, आणि तेवढी उष्णता गावात कुठे मिळेल याचा शोध घेतला. ती मिळाली कॉलेजातच, वनस्पतिशास्त्राच्या काचघरात. तिथे मोठ्या पानांची, सदा भिजलेली झाडं ठेवलेली असतात, आणि शिपाईसुद्धा दारातून पाण्याची नळी आत सोडून पळतो. सरांनी ठरवलं, प्रत्येकाने त्या काचघरात एक तासिका अंगमेहनत करायची. कुंड्या उचलायच्या, माती कालवायची. जो उभा राहील तो येईल. जो पडेल तो इथूनच सदिच्छा पाठवील.

पिटू पडली. अर्धी तासिका होण्याआधी, शेणखताच्या पोत्यावर. पोतं मऊ होतं, त्यामुळे लागलं नाही. वासाबद्दल बोलायला नको.

सर स्वतः तिला घरी सोडायला आले. दारातच म्हणाले, “काळजीचं कारण नाही, पंच्याण्णव टक्के. पण, पिटू, मला वाटतं तू इथूनच मदत कर. आपल्याला निरोप समारंभाचं कुणीतरी बघणारं हवंच आहे.”

“सर, पुन्हा एक संधी द्या,” पिटू म्हणाली. तिच्या केसांत अजून खत होतं.

“अगं, पण…”

“निघायच्या आधी एकदा. पडले तर मी स्वतः समारंभाच्या खुर्च्या मांडीन.”

सरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघं खाली पाहत होतो. सरांना नाही म्हणता येत नाही, हे त्यांचं दुखणं आहे. त्यांनी ‘साठ टक्के’ म्हटलं आणि ते गेले.

खरं सांगायचं तर आमचा जीव भांड्यात पडला होता. मी तोंड वेळेवर पाडलं, पण आतून मी कंपनीवरचा मोठा दावा फेटाळला गेल्यासारखा निवांत झालो होतो. बायको तर औषधांची पिशवी उपसून गोळ्या कपाटात परत लावू लागली, तेही गुणगुणत. ती गुणगुणते तेव्हा पेशंट घाबरतात.

त्या संध्याकाळी पिटू जेवायला आली ती गमबूट घालून. नवे होते, पायाला सवय व्हावी म्हणून ती आठवडाभर घरात घालून हिंडत होती. ती रडली नाही, रुसली नाही. भात वाढून घेतला, खाल्ला, ताट उचललं, घासलं, आणि बूट वाजवत आपल्या खोलीत गेली. एवढंच. पण बायकोचा हात भाताच्या चमच्यावर तसाच थांबला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुझ्या ताईला फोन कर.”

“आत्ता? कशाला?”

“तिच्याकडे उकडतं,” ती म्हणाली, आणि गोळ्या पुन्हा पिशवीत भरू लागली.

माझी ताई, म्हणजे पिटूची आत्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला लाँड्री चालवते. साधी नाही, हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, शाळांचे गणवेश, सगळं तिच्याकडे येतं. मागच्या खोलीत बॉयलर आहे आणि पुढच्या लांबट खोलीत वाफेच्या इस्त्र्यांची रांग. तिथे आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि पुसून पुन्हा घातला की पुन्हा धरते. ताईचं आणि माझ्या बायकोचं फारसं पटत नाही. भांडण कधी झालेलं नाही, त्यामुळे ते मिटवताही येत नाही. बायकोचं म्हणणं, ताई माणसांना चादरींसारखी वागवते. ताईचं म्हणणं, चादरींची कधी तक्रार नाही आली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी पिटूला घेऊन लाँड्रीवर गेलो. गाडीच्या मागच्या सीटवर घडीची खुर्ची होती, टेबलफॅन होता, ग्लुकोजच्या पाण्याचा थर्मास होता आणि कांदा होता. कांदा बायकोने दिला होता. चक्कर आली की हुंगवायला.

ताईने दारातच अडवलं. “हे काय? मुलगी आणलीस की तिचं बिऱ्हाड?”

“ताई, तुला माहितीये तिला…”

“मला माहितीये. मी आत्या आहे तिची, पोस्टमन नाही. खुर्ची गाडीत ठेव. पंखा ठेव. तो कांदा इकडे दे, मला लागेल जेवताना. आणि तू नीघ.”

“मी इथे कोपऱ्यात…”

“कोपऱ्यात बॉयलर आहे. तू विम्याचा माणूस, तुला चालायचं नाही ते.”

मी ऑफिसला गेलो. वाटेतून फोन केला. पोचल्यावर केला. चहा झाल्यावर केला. चौथ्या वेळी ताई म्हणाली, “अजून मेली नाही. मेली की कळवते, तुझ्याच कंपनीत फॉर्म भरायला यावं लागेल ना.” मग तिने फोन उचलणं बंद केलं.

न राहवून मी लवकर निघालो आणि लाँड्रीच्या दारात जाऊन उभा राहिलो. दाराला वरच्या अर्ध्यात काच आहे. वाफेमुळे आतलं धूसर दिसत होतं, पण दिसत होतं.

प्रत्येक इस्त्रीशेजारी दुधाच्या पिशव्यांचा एक प्लास्टिकचा क्रेट पालथा घातलेला होता. इस्त्री करणारी बाई एक ढीग संपवायची, इस्त्री उभी करायची आणि क्रेटवर बसायची. पाणी प्यायची. पदराने मान पुसायची. मग उठायची आणि दुसरा ढीग घ्यायची. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. एक उठली की दुसरी बसे. सगळी खोली अशी खालीवर, खालीवर होत होती आणि कपडे मात्र सरळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात होते.

फक्त पिटू उभी होती. ती उशांचे अभ्रे इस्त्री करत होती, एकामागून एक, दात आवळून. तिचा क्रेट मोकळा होता. तिच्या ओठांचा रंग गेला होता. तो रंग मला चांगला माहीत आहे. त्यानंतर दहा मोजेपर्यंत ती जमिनीवर असते. मी दाराला हात घातला. दार बाहेर ओढायचं होतं, मी आत ढकलत होतो.

तेवढ्यात ताईचा आवाज आला. “ए, लांबटांगे. इथे उभं राहायचे पैसे मिळत नाहीत. इस्त्री केलेल्याचे मिळतात. बस.”

“नको,” पिटू म्हणाली. आवाज अगदी बारीक.

“का नको?”

“सगळे बसवतातच मला. मी बसणार नाही.”

“मी कुठे बसवतेय? त्या पलीकडच्या बाई बघ, केव्हाच्या बसल्यात. तू बसलीस तर त्यांना उठावं लागेल. नाहीतर त्या आज चादरीला हात लावत नाहीत.”

“हो ना,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. “मी वाटच बघतेय. पण मला घाई नाही हं.”

सगळ्या हसल्या. पिटू काही क्षण तशीच उभी राहिली. मग तिने इस्त्री उभी केली आणि क्रेटवर बसली. पलीकडच्या बाई कुरकुरत उठल्या. कुणी पिटूकडे वळून पाहिलं नाही. कुणी कपाळाला हात लावला नाही. कुणी पाणी आणलं नाही. तिने स्वतःच बाटली घेतली आणि प्यायली. थोड्या वेळाने ओठांवर रंग आला. ती उठली आणि पुढचा अभ्रा पसरला.

मी दार ढकलायचं थांबवलं. मग कळलं की आतून सगळ्या केव्हापासून माझ्याकडे बघत होत्या.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, “पिटू, तुला आधी समजतं का? म्हणजे पडायच्या आधी?”

“समजतं की. कानात गुणगुण होते.”

“मग बसत का नाहीस?”

“बसले की आई ‘काय झालं’ म्हणते. तू ‘काय झालं’ म्हणतोस. मग डॉक्टर येतात. मग दोन दिवस झोपवतात. त्यापेक्षा वाटतं, जाईल आपोआप.” तिने खिडकीबाहेर पाहिलं. “जात नाही.”

धोक्याचं मूल्यमापन हा माझा धंदा आहे, हे मी वर सांगितलंच. घरात आल्यावर मी पिटूचं बोलणं बायकोला सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, “म्हणजे आपणच पाडतो तिला?”

“अगदी तसं नाही…”

“तसंच आहे,” ती म्हणाली आणि उठून हात धुऊन आली. पेशंटची दाढ काढायची ठरवली की ती असाच हात धुते.

पिटू रोज लाँड्रीवर जाऊ लागली. अभ्र्यांवरून शर्टांवर गेली. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, मग पाठ. हे ती जेवतानाही हवेत हाताने करून दाखवू लागली. माझे शर्ट इतके कडक झाले की ऑफिसात मला कुणीतरी बढती मिळाली का विचारलं. ती दमली की बसे, बसली की उठे. तिला ते जमलं. आम्हाला जमवायचं होतं.

बायकोने ते फारच मनावर घेतलं. पिटू स्वयंपाकघरात स्टुलावर टेकली की बायकोच्या ओठांवर ‘काय’ यायचं आणि ती ते तिथल्या तिथे दुसऱ्या कशात तरी वळवायची. “काय… कोथिंबीर आहे का ग घरात?” एका आठवड्यात आमच्याकडे कोथिंबिरीचे एवढे गठ्ठे जमले की शेजाऱ्यांना वाटावे लागले. एकदा आम्ही तिघं बाजारात होतो आणि पिटू बोलता बोलता बंद दुकानाच्या पायरीवर बसली. बायकोने माझं मनगट धरलं. ती रोज लोकांच्या दाढा उपटते, तिच्या पकडीबद्दल मला वेगळं सांगायला नको. पण तोंडातून अक्षर नाही. ती फळवाल्याकडे पाहत राहिली, जणू तिला त्याच्या कलिंगडांबद्दल प्रश्न पडलाय. पिटू उठली, हात झाडले आणि म्हणाली, “चला.” बायकोने माझं मनगट सोडलं. तिथे घड्याळाच्या पट्ट्याचा ठसा उमटला होता, आणि घड्याळ तर दुसऱ्या हातात होतं. तिच्या बोटांचा होता तो.

परीक्षेच्या दिवशी ताई लाँड्री सोडून आली. ती दुपारी लाँड्री सोडून कुठे जात नाही. आमच्या आईच्या आजारपणातही संध्याकाळी यायची. आली आणि माझ्या बायकोच्या शेजारी काचघराच्या बाहेर उभी राहिली.

“कांदा आणलास का?” ताईने विचारलं.

“नाही,” बायको म्हणाली.

“शाबास,” ताई म्हणाली. दोघींमध्ये इतका मोकळेपणा मी त्याआधी पाहिला नव्हता.

सरांनी सगळ्याच गटाला पुन्हा आत घेतलं होतं, सराव म्हणून. गळ्यात शिट्टी, हातात तापमापक. पिटू मातीचं घमेलं भरून कुंड्यांपर्यंत नेत होती. तिच्या शेजारी एक आडदांड मुलगा होता, सगळे त्याला पैलवान म्हणतात. मागच्या खेपेला तो शेवटपर्यंत उभा राहिला होता. काचेवरून पाणी ओघळत होतं. आम्ही तिघं त्या पाण्यातून बघत होतो, मत्स्यालयाबाहेर उभं राहिल्यासारखे.

अर्धी तासिका झाली आणि मला तिचे ओठ दिसले. बायकोलाही दिसले. तिचं कपाळ काचेला टेकलं.

पिटूने घमेलं खाली ठेवलं. कोपऱ्यातली बादली घेतली, पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

सगळं काचघर थांबलं. सरांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. “काय झालं?” ते ओरडले. बाहेर बायको ओठ चावत उभी होती.

“काही नाही, सर. बसलेय.”

“चक्कर आली?”

“नाही. दमले. दमल्यावर बसतात.”

सरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या: उभा आणि पडला. बसलेल्या माणसाची त्यांनी सोय केली नव्हती. “पण हे… हे आपल्या पद्धतीत नाही,” ते म्हणाले.

“तिथे भिंत बांधताना बसलेलं चालणार नाही का, सर?”

“तसं नाही, पण…”

“सर,” पैलवान म्हणाला, “मी पण बसू का थोडा? मागच्या वेळीही मला बसायचं होतं. पण वाटलं, बरं दिसत नाही.” आणि उत्तराची वाट न पाहता तो कुंडीच्या काठावर टेकला. मग त्याच्या पलीकडची मुलगी टेकली. एवढ्यात पिटूने बाटली बंद केली, उठली आणि घमेलं उचललं. “तू बस, मी उठते,” ती पैलवानाला म्हणाली, “मग तू ऊठ. नाहीतर माती कोण कालवणार?”

तासिका संपली तेव्हा कुणीही पडलेलं नव्हतं. सरांनी शर्टाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि बाहेर येऊन आमच्यासमोर उभे राहिले. त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता. म्हणाले, “शंभर टक्के.” त्यांच्या तोंडून हा आकडा कॉलेजात कुणीच ऐकलेला नव्हता. पिटूने मातीच्या हातांनी आईला मिठी मारली. बायको रडली, आणि रडता रडता तिने पिटूच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, “काय…” आणि थांबली.

“कोथिंबीर?” पिटूने विचारलं.

“हो,” बायको म्हणाली.

ताई म्हणाली, “झालं का? माझ्याकडे दवाखान्याचे कोट पडलेत.” पण ती लगेच गेली नाही. पिटूच्या कानाशी काहीतरी बोलली, तिच्या गालावर एक चापट मारली आणि मग गेली. काय बोलली ते दोघीही सांगत नाहीत.

मग निघायची धावपळ. सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, कपडे पातळ, सुती, अर्ध्या बाह्यांचे. बाकी काही नको, ओझं होतं. पिटूने स्वतःच्या हाताने इस्त्री करून, घड्या घालून बॅग भरली. औषधांची पिशवी तिने निम्मी केली आणि आईने पाहून न पाहिल्यासारखं केलं. विमानतळावर रांग मोठी होती आणि ती पुढे सरकत नव्हती. पिटू रांगेत उभी होती, आम्ही कठड्याबाहेर. मधेच ती आपल्या बॅगेवर बसली. थोड्या वेळाने उठली. आमच्याकडे पाहून तिने हात केला. आम्ही दोघांनीही हात केला आणि कुणी काही ओरडलं नाही. ती दिसेनाशी झाल्यावर बायको म्हणाली, “मला बसायचंय,” आणि तिथल्या बाकावर बसली. मी काय झालं विचारलं नाही. मीही बसलो.

तिचा फोन तिसऱ्या दिवशी आला. आवाज येत-जात होता. बायकोने स्पीकर लावला. ताईलाही बोलावून घेतलं होतं, ती कधी नव्हे ती आमच्याकडे चहाला थांबली होती.

“पोचलीस? काम सुरू झालं?” मी विचारलं.

“कालच. भिंतीचा पाया खणतोय. मी, पैलवान, सगळे. मजा येतेय, बाबा!”

“बसतेस ना मधे मधे?” आत्याने विचारलं.

“नाही, आत्या. बसलं की आखडायला होतं.”

“म्हणजे?” बायको म्हणाली. “घाम येत नाही का तुला?”

“घाम कुणालाच येत नाही. सर रजई पांघरून उभे आहेत. शाळेने आम्हाला घोंगड्या दिल्यात, आणि सकाळी पाणी तापवल्याशिवाय हात घालता येत नाही. समुद्राकडचा भाग गरम आहे म्हणे. आम्ही बसने दिवसभर घाट चढून वर आलो.”

मी नकाशा काढून पाहिला. ते गाव डोंगरावर आहे, आणि तिथली माणसं वर्षभर लोकरीचे कपडे घालतात.